पायथनमधल्या चुका: दडपू नका, नेमक्या पकडा

देवगड-रत्नागिरीकडे पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकणाऱ्यांनी सरावाला हापूसच्या पेट्यांचा हिशेब घ्यावा. पेट्या किती, भाव काय, शिल्लक किती, एवढंच. पण नवशिक्याला लागणारे बरेच एरर, म्हणजे प्रोग्रॅम अडवणाऱ्या चुका, त्यात भेटतात.

पहिली गाठ व्हॅल्यूएररशी, म्हणजे दिलेल्या मजकुराचा आकडा होत नाही तेव्हा येणाऱ्या एररशी. इनपुटमधून येतो तो मजकूर, इंटने त्याचा पूर्णांक करायचा. देवनागरीतला '१२' इंटला चालतो, मागेपुढे मोकळी जागा असली तरी चालतं. '१,२००' मात्र स्वल्पविरामामुळे अडतो. '१२.५', 'बारा' किंवा काही न लिहिता दाबलेलं एंटर, हेही अडतं. भावात स्वल्पविराम द्यायची आपली सवयच असते. तो आधी रिप्लेसने काढून टाका.

एरर पकडायला ट्राय-एक्सेप्ट असतं: ट्रायमध्ये चुकू शकणारी ओळ, एक्सेप्टमध्ये चुकल्यावर काय करायचं ते, एल्समध्ये न चुकल्यास पुढचं. ट्रायमध्ये फक्त रूपांतराची ओळ ठेवा, पुढचा हिशेब एल्समध्ये. सगळा प्रोग्रॅम ट्रायमध्ये कोंबून खाली नुसतं एक्सेप्ट लिहिलं, तर व्हेरिएबलच्या नावात तुमचं अक्षर चुकल्याने आलेला नेमएररही तिथेच पकडला जातो. मग आकडा बरोबर देणाऱ्यालाही 'आकडा नीट लिहा' असंच दिसत राहतं. हे व्हाइल लूपमध्ये असेल तर कंट्रोल-सी दाबूनही सुटका नाही, कारण त्याने येणारा कीबोर्डइंटरप्टही त्यातच अडकतो. म्हणून एक्सेप्टपुढे व्हॅल्यूएरर हे नाव लिहायचंच.

आता स्वतःचं एक्सेप्शन, म्हणजे आपण स्वतः बनवलेला एरर. शिल्लक ४० पेट्या, मागणी ५५. पायथन उणे १५ उत्तर देऊन मोकळा होतो, त्याला त्यात काही वावगं दिसत नाही. चूक व्यवहारातली आहे, ती तुम्हीच सांगायला हवी. पायथनच्या तयार एक्सेप्शन क्लासवरून पेटीएरर हा आपला क्लास बनवा, आत नुसतं पास पुरे. त्यावरून साठाएरर बनवा आणि त्याच्या इनिटमध्ये (एरर तयार होताना चालणाऱ्या फंक्शनमध्ये) शिल्लक व मागणी हे दोन्ही आकडे जपा. तिथेच सुपरच्या, म्हणजे वरच्या क्लासच्या, इनिटला संदेश द्यायला विसरू नका, नाहीतर एरर छापल्यावर संदेशाऐवजी कंसातली ४०, ५५ ही जोडी दिसते.

विक्रीच्या फंक्शनमध्ये साठा अपुरा पडला तर तिथे प्रिंट करून भागत नाही. फंक्शन बोलावणाऱ्याला काहीच कळत नाही आणि बिल ५५ पेट्यांचं निघतं. तिथे साठाएरर रेज करा, म्हणजे तो एरर स्वतः उभा करा. पकडा मात्र मागणी घेणाऱ्या भागात, कारण 'फक्त ४० आहेत, चालतील का?' हे गिऱ्हाइकाला तिथेच विचारता येतं. साठाएररचं एक्सेप्ट वर, पेटीएररचं खाली. उलट लावलंत तर पेटीएररच दोन्ही पकडतो आणि साठाएररच्या ओळींपर्यंत प्रोग्रॅम कधीच पोचत नाही.