वादपत्रात दुरुस्ती मागताना या चुका टाळा

शेतजमिनीच्या वहिवाटीला हरकत होते म्हणून कायम मनाईचा दावा दाखल होतो. निशाणी ५ चा, म्हणजे तात्पुरत्या मनाईचा, अर्ज चालू असतानाच प्रतिवादी बांध फोडून आत शिरतो, किंवा मोजणीचा नकाशा हातात आल्यावर कळतं की वादपत्रात, म्हणजे दाव्याच्या मूळ लेखी अर्जात, गट नंबरच चुकलाय. वादपत्र बदलायचं तर कोर्टाची परवानगी लागते, आणि ती दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ६ नियम १७ खाली मागायची. ‘हे आधी का नाही मांडलं?’ हा कोर्टाचा पहिला प्रश्न. अर्जात त्याचं उत्तर नसेल तर अगदी न्याय्य दुरुस्तीही अडते.

उलटतपासाची वाट पाहणे

नियम १७ ला १ जुलै २००२ पासून एक परंतुक, म्हणजे जोडलेली अट, आहे. सुनावणी सुरू झाल्यावर दुरुस्ती हवी असेल, तर पुरेशी तत्परता दाखवूनही हा मुद्दा आधी मांडता आला नसता, हे कोर्टाला पटावं लागतं. सुनावणी सुरू कधी झाली म्हणायची? विद्याबाई विरुद्ध पद्मलता (२००९) या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सरतपासाचं शपथपत्र (साक्षीदाराची स्वतःच्या बाजूची लेखी साक्ष) दाखल होणं हीच सुरुवात धरली. उलटतपास व्हायचाय म्हणून वेळ आहे, असं समजणारे इथेच फसतात. शक्यतो मुद्दे निघण्याआधी, म्हणजे कोर्टाने वादाचे प्रश्न ठरवण्याआधी, अर्ज द्या.

उशीर झालाच असेल तर ‘नजरचुकीने नमूद करायचे राहून गेले’ एवढ्यावर भागत नाही. नजरचूक म्हणजे तत्परता नव्हती, अशी स्वतःच दिलेली कबुली. त्याऐवजी तारखा द्या: मोजणीची क-प्रत (मोजणी नकाशाची प्रत) कधी मिळाली, त्यातून काय कळलं, त्यानंतर किती दिवसांत अर्ज केला. सोबत ती प्रत आणि शपथपत्र जोडा. दाव्यानंतर झालेलं अतिक्रमण किंवा खरेदीखत आधी लिहिणं शक्यच नव्हतं, म्हणून असे अर्ज तुलनेने सोपे. मात्र घटना कळल्यावर वर्षभर गप्प बसलात तर तोही फायदा गेला. दहा वर्षांपूर्वीचा फेरफार ‘आत्ताच समजला’ म्हणणं तर फारच अवघड, विशेषतः त्याच गटाचा सातबारा तुम्हीच दाव्यासोबत दाखल केला असेल तेव्हा.

‘योग्य ती दुरुस्ती’ मागणे

असा मोघम अर्ज आला की समोरच्याला ‘से’ (लेखी म्हणणं) देणं आणि कोर्टाला हुकूम करणं, दोन्ही अवघड होतं. शब्दन् शब्द लिहा: ‘परिच्छेद ३ मधील गट नं. २१४ हे शब्द वगळून त्या जागी गट नं. २४१ असे लिहिण्यास’, किंवा ‘परिच्छेद ४ नंतर ४-अ म्हणून पुढील मजकूर घालण्यास’.

एक बदल एकाच जागी थांबत नाही. गट नंबर बदलला तर चतुःसीमा पुन्हा तपासा. अतिक्रमणाची हकीकत घातली तर दाव्याचं कारण, मूल्यांकन आणि विनंतीचं कलम हेही बदलतं. ४-अ मध्ये अतिक्रमण लिहायचं आणि विनंती मात्र नुसत्या मनाईचीच ठेवायची, ही चूक सर्वांत महाग पडते, कारण न मागितलेला ताबा हुकूमनाम्यात (दाव्याच्या अंतिम आदेशात) सहसा मिळत नाही. ताबा मागितला की कोर्ट फी वाढते. नवं मूल्यांकन कनिष्ठ स्तर न्यायाधीशांच्या आर्थिक मर्यादेबाहेर गेलं तर वादपत्र योग्य कोर्टात दाखल करण्यासाठी परत मिळतं. हा हिशोब अर्ज देण्याआधी करा.

मुदत न मोजणे

मंजूर दुरुस्ती साधारणपणे दावा दाखल झाल्या तारखेपासून धरली जाते. पण ती कोणत्या तारखेपासून लागू होईल हे कोर्ट ठरवू शकतं, असं संपतकुमार विरुद्ध अय्याकन्नू (२००२) मध्ये सांगितलं आहे. म्हणून नवी मागणी अर्जाच्या दिवशी मुदतीत आहे का ते पाहा: मालकी ठरवून मागायला हक्क पहिल्यांदा उद्भवल्यापासून ३ वर्षं, मालकीच्या आधारे ताब्यासाठी १२ वर्षं. मुदत वादाची असेल तर तो मुद्दा निकालाच्या वेळी ठरवण्यास खुला ठेवावा, अशी विनंती अर्जातच करा.

दाव्याचा पायाच बदलणे

किसनदास रूपचंद विरुद्ध राचप्पा विठोबा या १९०९ च्या मुंबई उच्च न्यायालयाच्या निकालातल्या दोन कसोट्या आजही लावल्या जातात: समोरच्यावर अन्याय होऊ नये, आणि खरा वाद ठरवायला ती दुरुस्ती लागावी. वाटपाच्या दाव्यात मिळकत एकत्र कुटुंबाची म्हणायची आणि मग तीच स्वकष्टार्जित म्हणायची, हे या कसोट्यांना उतरणं कठीण. त्यातून दिलेली कबुली परत घेतली जाते. दाव्यात तांत्रिक दोष असेल तर आदेश २३ नियम १(३) खाली नव्या दाव्याची परवानगी घेऊनच दावा काढून घ्या. परवानगी न घेता काढून घेतलात तर त्याच कारणावर पुन्हा येता येणार नाही.

जुन्या दाव्यांतले उदार निकाल जोडण्याची हौस पुष्कळांना असते. २००२ पूर्वी दाखल झालेल्या वादपत्रांना नियम १७ चं परंतुक लागू नाही, म्हणून ते निकाल तुमच्या दाव्याला लागतात का हे आधी तपासा.

नवा प्रतिवादी आणायचा असेल तर आदेश १ नियम १० पाहा. त्याच्यापुरता दावा सहसा त्याला सामील केल्या दिवशी दाखल झाला असं धरतात. मयत प्रतिवादीचे वारस ही तर वेगळीच वाट: आदेश २२, मुदत मृत्यूपासून ९० दिवस.

हुकूम झाला की काम संपलं असं समजणे

नियम १८ नुसार हुकुमात दिलेल्या मुदतीत, आणि मुदत दिली नसेल तर १४ दिवसांत, दुरुस्ती प्रत्यक्ष वादपत्रात करावी लागते. हुकुमात अट घातलेला खर्च भरा, बदल मूळ वादपत्रात लाल शाईने करून सही-तारीख टाका, दुरुस्त प्रत समोरच्याला द्या. मग प्रतिवादीची जादा कैफियत (जास्तीचं लेखी उत्तर) येईल हे गृहीत धरा. मुदत हुकली तर मुदतवाढीचा अर्ज लगेच द्या. मंजूर दुरुस्ती वादपत्रात उतरलीच नाही, हे प्रतिवादी युक्तिवादाच्या दिवशी रोजनामा (कोर्टाच्या रोजच्या कामकाजाची नोंद) उघडून दाखवतो.