वाढदिवस उलटे झाले तेव्हा

माझा जुना हँडहेल्ड, म्हणजे नावं-नंबर ठेवायचा खिशातला छोटा संगणक, पाम कंपनीच्या पाम ओएस प्रणालीवर चालणारा होता. बॅटरी टिकेना म्हणून दुसऱ्या कंपनीचा घेतला. वाटलं, सीएसव्ही फाइल (स्वल्पविरामांनी रकाने पाडलेली साधी यादी) काढायची, नव्यात ओतायची, झालं. नावं, नंबर आले सगळे. आठवडाभराने एका मित्राला वाढदिवसाच्या शुभेच्छा दिल्या, तर तो म्हणाला, "तो होऊन दोन महिने झाले!"

जुन्यात तारीख ०५/०३ अशी होती, म्हणजे ५ मार्च. नव्या प्रोग्रॅमने आधी महिना धरला आणि ३ मे करून ठेवला. गंमत म्हणजे १२ नंतरच्या तारखा, उदाहरणार्थ २७/०३, थेट कोऱ्याच आल्या, कारण सत्ताविसावा महिना असणार कुठून? त्या कोऱ्या रकान्यांनीच चोर पकडून दिला.

हाताने दुरुस्त करायला बसलो आणि वीसेक नावांनंतर कंटाळलो. मग सीएसव्हीचा नाद सोडून व्हीकार्डमध्ये, म्हणजे कॉन्टॅक्टसाठीच्या ठरावीक साच्याच्या फाइलमध्ये, एक्सपोर्ट केलं. त्यात जन्मतारीख वर्ष-महिना-दिवस अशीच लिहिलेली असते, घोळाला जागा नाही. फक्त आधीचे सगळे कॉन्टॅक्ट पुसून मगच इम्पोर्ट करा. मी पुसले नाहीत, प्रत्येक माणूस दोनदा आला, पुन्हा तासभर गेला. पुसण्याआधी जुन्या यंत्राचा बॅकअप मात्र हवाच.

हाताची सवय अजून गेलेली नाही. ग्राफिटीत, म्हणजे पामवर लेखणीने अक्षरं काढायच्या पद्धतीत, 'ए' आडव्या दांडीशिवाय काढायचा. नव्यावरही तसाच काढतो आणि भलतंच अक्षर उमटतं.