डिकॅफ ग्रीन टीचा कडवटपणा असा गेला

संध्याकाळी ग्रीन टी घेतला की रात्री डोळ्याला डोळा लागत नसे, म्हणून डिकॅफ, म्हणजे झोप उडवणारं कॅफिन काढून टाकलेला चहा आणला. पहिलाच कप कडूजहर! खळखळतं पाणी थेट पानांवर ओतत होते, तिथेच चुकत होतं. आता पाणी उकळलं की झाकण काढून पाचेक मिनिटं तसंच ठेवते. ८० अंशांच्या आसपास आलं की २०० मिलीला २ ग्रॅम पानं, दोन मिनिटं, आणि लगेच गाळायचं. फिकट सोनेरी रंग येतो, घशाला तुरटपणा अजिबात जाणवत नाही.

पाकीटही बदललं. कार्बन डाय-ऑक्साइडने कॅफिन काढलेल्या चहाची चव मला जास्त आवडली. इथाइल अ‍ॅसिटेट या द्रावकाने कॅफिन काढलेल्याला किंचित फळांसारखा वास यायचा. डिकॅफमध्येही थोडं कॅफिन उरतंच, म्हणून झोपायच्या तोंडावर मी तोही घेत नाही.