‘सहर एल-लयाली’ कसा पाहावा

हानी खलिफा यांनी दिग्दर्शित केलेला आणि तामेर हबीब यांनी लिहिलेला ‘सहर एल-लयाली’ हा इजिप्शियन चित्रपट २००३ साली प्रदर्शित झाला. नावाचा अर्थ रात्रींची जागरणे असा असून ते लेबनॉनच्या गायिका फैरुझ यांच्या गाण्यावरून घेतलेले आहे. ‘धाडसी’ हे विशेषण ऐकून तो पाहायला बसणाऱ्याची बहुधा निराशा होते, कारण पडद्यावर माणसे मुख्यतः बोलत असतात. ज्या काळात कैरोच्या चित्रपटगृहांत विनोदपटांची चलती होती आणि चुंबनदृश्येही टाळणाऱ्या ‘स्वच्छ सिनेमा’चे कौतुक चालले होते, त्या काळात एखाद्या विवाहित स्त्रीने आपण शय्यासुखाबाबत असमाधानी आहोत असे पडद्यावर उघडपणे सुचवणे, हेच तिथे धाडस होते. त्यामुळे या चित्रपटात डोळ्यांपेक्षा कानांना अधिक काम द्यावे लागते.

सुरुवातीला कागद आणि पेन्सिल जवळ ठेवावी. मोना झकी, हनान तुर्क, ओला घानेम आणि जिहान फादेल या चौघी, तर अहमद हेल्मी, शरीफ मुनीर, फतही अब्देल वहाब आणि खालेद अबोल नागा हे चौघे, अशी ही आठ जणांची मित्रमंडळी आहे. प्रारंभीच्या मेजवानीत सगळे एकमेकांत इतके मिसळलेले असतात की, पहिल्या वेळी कोण कोणाचा नवरा हे उमगण्यातच माझा बराच वेळ गेला. जोड्या लागल्या की प्रत्येक जोडीखाली तिची तक्रार लिहावी : एकीकडे नवऱ्याची बाहेरख्याली, दुसरीकडे बायकोच्या जुन्या प्रेमाबद्दलचा संशय, तिसरीकडे शरीरसुखाचा अभाव आणि चौथीकडे लग्नाविनाच चाललेले नाते. विनोदी भूमिकांसाठी ओळखले जाणारे हेल्मी दिसले म्हणून हसण्याची घाई मात्र करू नये.

उपशीर्षके लागतीलच, तरीही आवाज कमी करू नये. मराठीत हक्क, वकील, अर्ज, तारीख असे कितीतरी अरबी शब्द रुळलेले आहेत, आणि म्हणून आपल्याला थोडेफार कळेल असे वाटते. पण कैरोच्या बोलीत ‘ज’चा ‘ग’ होतो आणि घशातून येणारा ‘क’ बहुतेक शब्दांत गिळला जातो. ‘जमील’ म्हणजे सुंदर, तो तिथे ‘गमील’ होतो, आणि तलाक हा शब्द ‘तलाअ’ असा ऐकू येतो. एकदा ही खूण पटली की भांडणाच्या प्रसंगी उपशीर्षक वाचण्याआधीच काळजात चर्र होते.

खरी पूर्वतयारी करायची ती इजिप्तमधील विवाहव्यवहाराची, आणि इथे थोडा अधिक वेळ द्यावा. लग्नाच्या नोंदीला तिथे ‘कत्ब एल-किताब’, म्हणजे करार लिहिणे, असे म्हणतात, व तो करार माझून नावाचा निबंधक लिहितो. मेहर, म्हणजे वराने वधूला द्यायची रक्कम, दोन भागांत ठरतो : एक आधी द्यायचा आणि दुसरा घटस्फोट किंवा मृत्यू झाल्यास देय होणारा. राहते घर उभे करणे ही प्रथेने मुख्यतः वराची जबाबदारी असते, साखरपुड्याला ‘शबका’ म्हणून सोन्याचे दागिने दिले जातात, आणि घरातील सामानाची ‘आयमा’ नावाची यादी करून तिच्यावर वराची सही घेतली जाते. आपल्याकडे रुखवत मांडून दाखवतात. तिथे ही यादी पुढे न्यायालयातही उपयोगी पडणारा दस्तऐवज ठरते. अनेक घरांत ‘नीश’ नावाचे काचेचे कपाट असते आणि त्यातील भांडी वर्षानुवर्षे वापरलीच जात नाहीत. कोणत्याही इजिप्शियन कौटुंबिक चित्रपटात असे कपाट दिसले, तर त्या सामानाचा हिशेब कागदावर आहे हे आठवावे, म्हणजे त्याच्यासमोर उभे राहून भांडणाऱ्या जोडप्याचे भांडण केवळ प्रेमाचे उरत नाही.

याला २००० सालच्या पहिल्या क्रमांकाच्या कायद्याची जोड द्यावी. त्यान्वये पत्नी आपले आर्थिक हक्क सोडून आणि घेतलेला मेहर परत करून ‘खुला’, म्हणजे पत्नीच्या मागणीवरून होणारा घटस्फोट, मागू शकते, आणि नवऱ्याची संमती नसली तरी न्यायालय तो देऊ शकते. चित्रपट आला तेव्हा हा कायदा जेमतेम तीन वर्षांचा होता. म्हणून पत्नी घर सोडण्याचा विचार बोलून दाखवते तेव्हा त्यास केवळ रुसवा समजू नये. त्या काळच्या कैरोतील प्रेक्षकाला त्यामागे एक खुला झालेला, पण महाग रस्ता दिसत होता. ज्यांना या रस्त्याचा पूर्वेतिहास पाहायचा असेल त्यांनी अभिनेत्री फातेन हमामा यांचा १९७५ चा ‘उरीदू हल्लन’ हा चित्रपट आधी पाहावा. त्यात घटस्फोटासाठी न्यायालयाचे उंबरठे झिजवणारी स्त्री आहे.

मध्यभागी चौघे पुरुष घरे सोडून सुमारे सव्वादोनशे किलोमीटरवरील अलेक्झांड्रियाला निघून जातात. भूमध्य समुद्राचा वारा, गाडी, जुनी मैत्री, असा हा भाग पाहायला गोड आहे, आणि माझ्या मते तिथेच प्रेक्षक फसतो. पुरुषांना पळून जायला एक शहर मिळाले आहे. बायका मात्र ज्या घरात भांडण झाले त्याच घरात थांबल्या आहेत. म्हणून दुसऱ्या वेळी पाहताना अलेक्झांड्रियाच्या किनाऱ्यावर फार रेंगाळू नये आणि कैरोतील घरांवर लक्ष ठेवावे. मोना झकी यांचा चेहरा एकटेपणात कसा बदलतो ते तिथे दिसते, आणि पुरुष परत येतात तेव्हा दार कोण उघडते व किती वेळाने उघडते, हे आपोआप पाहिले जाते.