साएमिदोरी : जपानचा हा हिरवा चहा घरी कसा करावा

जपानी ग्रीन टी कडू लागतो म्हणून डबा कपाटात मागे सारला असेल, तर दोष बहुतेक वेळा उकळत्या पाण्याचा असतो. साएमिदोरी या वाणाला तर ते अजिबात मानवत नाही. त्याची सारी खासियत गोडव्यात आहे.

दक्षिण जपानच्या कागोशिमा प्रांतातल्या माकुराझाकी इथे १९६९ साली याबुकिता आणि आसात्सुयु यांचा संकर झाला, त्यातून निवडलेल्या या वाणाची नोंदणी १९९० साली झाली. याबुकिता हा जपानात सर्वाधिक लावला जाणारा, भरवशाचा वाण. आसात्सुयुची ओळख चवीच्या गोडव्यासाठी. साएमिदोरीत गोडवा देणारं थिअॅनिन हे अमिनो आम्ल भरपूर आणि तुरटपणा आणणारी कॅटेचिन्स तुलनेने कमी असतात. त्याला याबुकितापेक्षा काही दिवस आधीच कोंब फुटतात. लवकर येणाऱ्या चहाला भाव चांगला मिळतो, पण उशिरा दहिवर पडलं की हेच कोवळे कोंब आधी करपतात. उबदार कागोशिमात तो रुळला, तो म्हणूनच.

१. घेताना पाकिटावर वाणाचं नाव शोधा. नुसतं ‘सेन्चा’ (जपानचा रोजचा हिरवा चहा) लिहिलेलं बहुधा मिश्रण असतं. पहिल्या तोडणीचा मिळाला तर तोच घ्या.

२. पाणी मृदू हवं. बोअरच्या जड पाण्यात रंग मळतो आणि चव दबते, फिल्टरचं वापरा.

३. पाणी उकळून ६५ ते ७० अंशांवर येऊ द्या. थर्मामीटर नसेल तर एका कपातून दुसऱ्यात ओता. गार कपात ओतलं की दर वेळी साधारण दहा अंश उतरतात, म्हणजे तीनदा पुरे. सगळी मेख इथेच आहे: थिअॅनिन कोमट पाण्यातही उतरतं, कॅटेचिन आणि कॅफीनला मात्र जास्त उष्णता लागते.

४. पाच ग्रॅम पानांवर १५० मिली पाणी घाला, झाकण ठेवा, मिनिटभर हात लावू नका. पानं भुग्यासारखी बारीक असतील तर चाळीस सेकंद बास. मग शेवटच्या थेंबापर्यंत गाळा. तळाशी पाणी राहिलं तर पुढचा कप कडू होतो. दोन कप असतील तर आलटून पालटून थोडं थोडं ओता. रंग उजळ हिरवा येतो, आणि कोवळी कणसं उकडलेल्या पाण्याची आठवण करून देणारी चव जिभेवर बराच वेळ राहते. दूध-साखर कृपा करून नको.

५. त्याच पानांवर दुसऱ्यांदा ८० अंशांचं पाणी घाला आणि दहा-पंधरा सेकंदांत गाळा.

उन्हाळ्यात लिटरभर गार पाण्यात दहा ग्रॅम पानं टाकून तीन-चार तास फ्रिजमध्ये ठेवा. तुरटपणा जवळजवळ उतरतच नाही. फोडलेलं पाकीट हवाबंद ठेवून महिनाभरात संपवा, पावसाळ्यात तर त्याहून लवकर.

उरलेली ओली पानंही टाकू नका. चार थेंब सोया सॉस आणि भाजलेले तीळ घालून गरम भातावर घ्या. साएमिदोरीची पानं कोवळी असल्यामुळे छान लागतात.