पाणी तुंबलंय? आधी चर काढा, टॉनिकचं नंतर बघू

पाऊस उघडला, सोयाबीन पिवळं पडलं, की माणूस वावरातून थेट कृषी केंद्र गाठतो. येताना हातात टॉनिकची बाटली नाहीतर ह्युमिकचा डबा असतो. सरीतलं पाणी मात्र तसंच. दरसाल हेच बघतोय. 2025 च्या सप्टेंबरात नदीकाठची वावरं खरडून गेली, त्याला कुणाचाच इलाज नव्हता. पण चढाच्या रानातल्या तुरीही उमळल्या, म्हणजे पाणी साचून जागीच सुकल्या, त्या निव्वळ "जिरंल की आपोआप" म्हणत बसल्यामुळं.

मुळंही श्वास घेतात. पानांनी उन्हात केलेली साखर मुळापर्यंत उतरते. मुळाच्या पेशी ऑक्सिजन वापरून ती फोडतात आणि तिच्यातली ऊर्जा एटीपीच्या (पेशी खर्चायला वापरते त्या रेणूच्या) रूपात हाताशी येते. ऑक्सिजन असेल तर ग्लुकोजच्या एका रेणूपासून साधारण 30 ते 32 एटीपी मिळतात, नसेल तर फक्त 2. वर अल्कोहोल तयार होतं, तेही मुळालाच बाधतं. जमिनीतलं नत्र-पालाश आत ओढायला ऊर्जा लागते, ती 2 एटीपीत कुठून भागणार? म्हणजे खत जमिनीत असतं, ओढायची ताकद नसते. अशा पिकाला वरून महागाची बाटली पाजून काय होणार?

पाण्यातून ऑक्सिजन हवेपेक्षा सुमारे 10 हजार पट हळू सरकतो. त्यात आपली काळी जमीन, एकदा फुगली की भेगा-पोकळ्या मिटल्या. भाताच्या मुळात हवेच्या नळ्या असतात, तो पाण्यात तग धरतो. तुरीचं तसं नाही.

एक झाड उपटून बघा. सोयाबीनच्या मुळावरची गाठ नखानं फोडा. आत गुलाबी असेल तर जीव आहे. हिरवट-करडी, मऊ लागली आणि मुळाला आंबूस वास आला, तर उद्यावर ढकलू नका.

पाणी 24 तासांत काढा, 48 च्या पुढं जाऊ देऊ नका. रात्री पाऊस थांबला तर ऊन तापायच्या आत फावडं घेऊन जा. पाणी तापलं की त्यात ऑक्सिजन कमी मावतो आणि मुळाची गरज वाढते. ढगानंतर कडक ऊन पडलं की पऱ्हाटी (कपाशी) दुपारपर्यंत माना टाकते, ती त्यामुळंच असं माझं मत. बांधाला तोंड पाडायचं तर शेजाऱ्याला आधी सांगा, भांडणात दोन दिवस जातात.

कपाशी उमळली तर पाणी काढल्यावर परभणीच्या कृषी विद्यापीठाची आळवणी (झाडाच्या बुडाशी ओतायचं द्रावण): 10 लिटर पाण्यात युरिया 200 ग्रॅम, पांढरा पोटॅश 100 ग्रॅम, कॉपर ऑक्झिक्लोराईड 25 ग्रॅम, झाडाला 100 मिली. बुडाची माती पायानं दाबून घ्या. हे त्याच दिवशी झालं तर झाडं उठतात, उशिरा केलं की खर्च वाया.

बाकीची कामं:
- वाफसा आल्यावरच कोळपणी
- पिवळ्या सोयाबीनवर 2 टक्के युरियाची फवारणी (10 लिटरला 200 ग्रॅम)
- मेलेली झाडं उपटून बांधाबाहेर
- ओल्यात बैल, ट्रॅक्टर वावरात घालू नये
- पुढच्या हंगामात पेरणी रुंद वरंबा-सरीवर

दुकानदार "मुळं सुटायचं औषध" म्हणून काही पुढं करील. पाणी निघून चार दिवस होऊ द्या, पांढरी मुळं फुटलेली दिसली तर त्या औषधाची गरजच काय, हे त्यालाच विचारा.