उसावर ड्रोनने औषध मारताय? या चुका टाळा

फवारणीच्या विमानाचं इंजिन हवेत बंद पडलं तरी वैमानिकाला थोडा वेळ मिळतो. टाकीतलं औषध एकदम खाली सोडून तो वजन उतरवतो आणि तरंगत समोरचं मोकळं रान गाठू पाहतो. कोल्हापूरकडच्या करवीर-शिरोळच्या उसावर फिरणाऱ्या ड्रोनला ही सोय नाही. त्याला पंख नाहीत, नुसते पंखे आहेत. चार मोटारींपैकी एक गेली की तो पडलाच म्हणायचं. सहा मोटारींचा कधीकधी सावरतो, पण दहा लिटरची टाकी भरलेली असेल तर तेही अवघड. म्हणजे जे काही सांभाळायचं ते बांधावरच, उडवण्याआधी.

सगळ्यात महागात पडते ती बॅटरी. 'अजून एक फेरी निघेल' हे वाक्य प्रत्येक शिवारात ऐकू येतं. भरल्या टाकीने ड्रोन जेमतेम दहा मिनिटांच्या आसपास उडतो आणि त्या वजनाखाली व्होल्टेज झपाट्याने खाली येतं. स्क्रीनवरच्या टक्क्यांवर विसंबू नका, व्होल्ट बघा. सहा सेलची बॅटरी पूर्ण भरल्यावर 25.2 व्होल्ट दाखवते. उडताना 21 च्या जवळ, म्हणजे सेलमागे साडेतीनवर आली की टाकीत औषध उरलेलं असलं तरी उतरवा. दोन बॅटऱ्यांची जोडी लागत असेल तर एक नवी आणि एक जुनी लावू नका, जुनी आधी दम सोडते. उतरवलेली गरम बॅटरी तशीच चार्जिंगला लावणं आणि भरलेली बॅटरी पुढच्या फवारणीपर्यंत आठवडेच्या आठवडे ठेवून देणं, या दोन सवयींनी ती फुगते. ठेवायची असेल तर सेलमागे 3.8 व्होल्टच्या आसपास ठेवा. फुगलेली बॅटरी 'आजच्या दिवस' म्हणूनही लावू नका.

मोटार बंद पडण्याआधी बहुतेकदा सांगून जाते, आपण ऐकत नाही एवढंच. ड्रोन उतरवून पंखे पूर्ण थांबले आणि बॅटरी काढली की सगळ्या मोटारींना हात लावून बघा. एकच जास्त तापली असेल तर बेअरिंग गेलंय किंवा पंख्याला टवका उडालाय. औषधाचे शिंतोडे वाळून वायरींच्या जोडांवर बसतात आणि जोड गंजतात, म्हणून संध्याकाळी ओल्या फडक्याने पुसून घ्या. ड्रोनच्या घडीच्या हातांची, म्हणजे मोटारी बसवलेल्या दांड्यांची, लॉक बसलीत का, हे प्रत्येक उड्डाणाआधी हाताने हलवून बघा. घाई असते ते कळतं, पण याला अर्धं मिनिटही लागत नाही.

आता तारा. आपल्या भागात विहिरीवरच्या आणि नदीकाठच्या मोटारींच्या लाईन थेट उसातून जातात आणि उंच वाढलेल्या उसात पोलही पटकन दिसत नाही. आधी बांधाने एक चक्कर मारा. ड्रोनची आपोआप परत येण्याची उंची तारा आणि झाडांच्या वर ठेवा, नाहीतर सिग्नल तुटल्यावर तो सरळ तारेवर जाईल. कंपास जुळवताना ट्रॅक्टर-ट्रॉलीपासून आणि डीपीपासून लांब उभे राहा. उजळाईवाडीच्या विमानतळाजवळ, म्हणजे मुडशिंगी, तामगाव, गोकुळ शिरगाव भागात, डिजिटल स्काय या सरकारच्या ड्रोनसाठीच्या संकेतस्थळावरचा नकाशा आधी बघा. विमानतळाच्या हद्दीपासून 8 किलोमीटरच्या आत परवानगीशिवाय उडवता येत नाही.

एवढं करूनही पडलाच तर लगेच उसात घुसू नका. आधी रिमोटवरून मोटारी बंद करा, पंखे अजून फिरत असू शकतात. धूर दिसला तर लांब थांबा. दबलेली लिथियम बॅटरी थोड्या वेळानंतरही पेट घेते आणि वाळल्या पाचटात आग पसरायला वेळ लागत नाही. हातमोजे घातल्याशिवाय औषधाने भिजलेला ड्रोन उचलू नका, आणि गर्दीतल्या पोरांना तर अजिबात उचलायला लावू नका. पुन्हा चालू करून बघायचा मोह सोडा. आधी जागेवरचे फोटो काढा, उड्डाणाची नोंद उतरवून ठेवा, विमा कंपनीला कळवा. 2021 च्या ड्रोन नियमांनुसार अपघाताची माहिती 48 तासांत डिजिटल स्कायवर द्यावी लागते. ती देताना बॅटरी कितव्या मिनिटाला किती व्होल्टवर होती, हे त्या नोंदीतूनच सांगता येईल.